साळवे गार्डांची देखरेख

साळवेकाकांच्या घरून निघालं की मागे वळून पाहायची चोरी असे. पाहिलं की ते दिसायचेच. फाटकाबाहेर रस्त्यावर उभे, उजवा हात वर, आणि आपण कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो हात खाली येत नसे. पाहुणा मुंबईहून आलेला असो, नाहीतर वाटी परत करायला आलेली समोरच्या घरातली मी असो, निरोपाची पद्धत एकच. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो काका, रस्ता ओलांडला की माझं घर. कशाला उन्हात उभे राहता?" तर म्हणाले, "गाडी पूर्ण निघाल्याबिगर गार्डानं हात खाली करायचा नसतो, ताई."

काका रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी इगतपुरीला, त्यातली बरीचशी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, कसाऱ्याच्या घाटात. निवृत्तीनंतर इंदिरानगरला आमच्या समोर घर घेतलं. अलीकडे गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात हे त्यांना कोणीतरी सांगितलं, तेव्हा ते खूप हसले. "नाव बदललं. डबा तोच ना, मागचा?" त्या मागच्या डब्याचा त्यांना अभिमान होता. म्हणायचे, पुढं काय आहे ते ड्रायव्हर बघतो, मागं काय सुटलं ते मी बघतो. माझ्या स्कूटरवर मागे बसले तरी सारखी मान मागे वळवून असायचे. मला आरशात त्यांची पाठ दिसायची.

'बघू' हा शब्द त्यांना चालत नसे. "बघू म्हणजे नाही. बघितलं म्हणजे हो." इंदूकाकू, त्यांच्या पत्नी, यावर म्हणायच्या, "मग घरातला गळका नळ कधी बघितला म्हणायचं?" काका लगेच पेपर उघडायचे.

आमची त्यांची खरी ओळख झाली ती गटारीमुळे. एका सकाळी कॉलनीच्या तोंडाशी चेंबर तुंबलं आणि सगळं घाण पाणी रस्त्यावर आलं. आम्ही सुशिक्षित मंडळी नाकाला रुमाल लावून गॅलरीतून एकमेकांना फोन करत होतो. काका मात्र लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून चौकात उभे राहिले, गळ्यातली जुनी शिट्टी फुंकत आणि येणाऱ्या रिक्षा, शाळेच्या गाड्या दुसऱ्या गल्लीतून वळवत. साफ करणारी गाडी येईपर्यंत हलले नाहीत. घरी जाताना मला म्हणाले, "आपल्याच घरातनं निघालंय ना हे? मग एवढं तोंड काय फिरवायचं?"

तेव्हापासून काका गटारीच्या मागे लागले ते लागलेच. आमच्या नागरिक मंचाच्या बैठकीत लोक पार्किंगवर, कुत्र्यांवर बोलायचे. काका विचारायचे, "आपण सकाळी जे सोडतो ते जातं कुठं?" ते जातं नदीकाठच्या शुद्धीकरणाच्या प्लांटवर, तिथे साफ होऊन गोदावरीत. निदान व्हावं अशी अपेक्षा. त्या सुमारास तो प्लांट चालवायला एका खाजगी कंपनीला दिला गेला. मंचात बरेच जण विरोधात होते. काका बाजूने बोलले. सरकारी कामाचा आळस मी जन्मभर बघितलाय, कंपनी असली की निदान कोणाची तरी कॉलर धरता येते, असं त्यांचं म्हणणं. मात्र एक अट त्यांनी घातली: नागरिकांनी प्लांटवर जाऊन स्वतः बघायचं, दर महिन्याला.

कंपनीने ही अट इतक्या आनंदाने मान्य केली की आम्हाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

ठरलं असं की महिन्याचा पहिला रविवार हा पाहणीचा दिवस. आम्ही आठ-दहा जण जायचो. प्लांटच्या आवारात कंपनीने सुंदर बाग केली होती, आंब्याच्या झाडाखाली टेबलं मांडलेली. नाशिककराला रविवारी सकाळी झाडाखाली बसवायचं आणि समोर मिसळ ठेवायची नाही, हे कसं शक्य आहे? तर्रीचं भांडं वेगळं, पापड, दही, शेवटी जिलबी. त्याआधी टाक्यांना चक्कर. टाक्यांमध्ये हवा सोडणारी मोठी यंत्रं असतात, ब्लोअर म्हणतात त्यांना. त्यांचा आवाज एवढा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. पाणी उकळल्यासारखं फसफसत असायचं. ती हवा मिळाली तरच पाण्यातली घाण खाणारे जंतू जगतात, हे मॅनेजरने आम्हाला छान समजावलं होतं. शेवटच्या टाकीतून निघालेलं पाणी तो काचेच्या ग्लासात धरून दाखवायचा. नितळ. काका तो ग्लास उन्हात धरून बघायचे आणि मान हलवायचे.

मॅनेजर तरुण होता, गोड बोलणारा. तो काकांना 'सर' म्हणायचा. जन्मभर 'ए गार्ड' ऐकलेल्या माणसाला त्या 'सर'चं काय वाटत असेल ते मला दिसत होतं. पाहणीच्या दिवशी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायला लागले. पुढे कंपनीने एक छोटा कार्यक्रम करून त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. पेपरात फोटो आला: नारळ छातीशी धरलेले काका, मागे निळ्या टाक्या, कडेला आम्ही सगळे, हसरे. इंदूकाकूंनी कात्रण देव्हाऱ्याजवळ नव्हे, पण बुद्धाच्या तसबिरीखालच्या फडताळावर ठेवलं. म्हणजे जवळजवळ तिथेच.

मला आज चमत्कारिक वाटतं ते हे की अशा पाहणीची थट्टा करणारा पहिला माणूस खुद्द साळवेकाका होते. रेल्वेचे सगळ्यांत मोठे साहेब, जीएम, इगतपुरीला तपासणीला यायचे, त्याची गोष्ट त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितली असेल. साहेब येणार म्हटलं की आठवडाभर आधी दगडांना चुना. गार्डांच्या विश्रांतीच्या खोलीतला वर्षभर बंद पंखा गरागरा फिरायला लागायचा. साहेबांच्या बंगल्यांतून फुलांच्या कुंड्या उसन्या आणून फलाटावर मांडायच्या. साहेबाची गाडी सुटली की कुंड्या परत. "कुंड्याबी आमच्यासारख्याच," काका म्हणायचे, "ड्युटीपुरत्या यायच्या." ही गोष्ट त्यांनी एकदा त्या आंब्याखालीसुद्धा सांगितली. मॅनेजर पोट धरून हसला. आम्हीही हसलो, मिसळ खात.

काकांची एकुलती मुलगी वैशाली निफाडच्या बाजूला नदीकाठच्या गावात दिली होती. गोदावरी इथून पुढे वाहते ती तिच्या दारावरून जाते. वैशालीचा फोन यायचा की नदीला वास मारतोय, पात्र पाणवेलींनी भरलंय, विहिरीचं पाणीही बदललंय, धुणं धुतलं की हातांना खाज सुटते. काका तिला दटावायचे. मी समोर बसलेली असताना एकदा म्हणाले, "आमच्याकडनं येतं ते पाणी मी दर महिन्याला डोळ्यांनी बघतो. माझ्यासमोर ग्लासात काढतात. तुमच्याकडंच कुठला तरी कारखाना सोडत असंल. उगं बापाच्या शहराला नावं ठेवायची नाय." पलीकडून वैशाली काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. काकांनी फोन ठेवला आणि चहा सांगितला.

मग छत्रीचं झालं. एका रविवारी काका आपली छत्री बागेतल्या बाकावर विसरले. जुन्या लाकडी मुठीची, त्यांची लाडकी. मंगळवारी ती आणायला एकटेच रिक्षाने गेले. फाटकावरच्या वॉचमनने त्यांना ओळखलं, सलाम ठोकला आणि आत सोडलं. पाहुणे कोणत्या वारी येतात एवढंच त्याला ठाऊक होतं, कोणत्या वारी येऊ द्यायचे नाहीत हे कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी काका माझ्या ओट्यावर येऊन बसले. छत्री मांडीवर आडवी. स्वतःच्या घरात गेले नव्हते.

"ताई, जीएम येऊन गेला," म्हणाले.

मला कळेना. "कोण जीएम? कुठे?"

"प्लांटवर. दर महिन्याला येतोय. आपण त्याच्यावर हसत बसलो." छत्री खाली ठेवून म्हणाले, "मीच तो जीएम, ताई."

मग हळूहळू सांगितलं. आत गेले तर पाखरांचा आवाज येत होता. तिथे पाखरं आहेत हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं, कारण रविवारी ब्लोअरपुढे काही ऐकूच येत नसे. सगळे ब्लोअर बंद. टाक्यांवर काळी जाड साय धरलेली. खालून शहराची घाण येत होती आणि टाकीतून तशीच पुढे नदीकडे चालली होती. एका कामगाराला विचारलं तर तो म्हणाला, वीज लय लागते साहेब, आज काय पाहणी नाय ना. मुकाट्याने छत्री उचलून ते बाहेर आले.

"कामगारावर ओरडलात नाही ना?" मी विचारलं.

"कोणत्या तोंडानं ओरडणार?" काका म्हणाले. "त्यानं चोरून काय केलं? मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, की साहेब येणार त्या दिवशीच पंखा फिरतो. मला ठाऊक होतं. सगळ्यांत जास्त मला ठाऊक होतं."

मला तेव्हा जी लाज वाटली ती कशाची होती, हे मी स्वतःला अजून विचारते. आम्ही लबाडी केली नव्हती. कोणी पैसे घेतले नव्हते. आम्ही रविवारी सकाळी एका चांगल्या कामाला जात होतो आणि भरल्या पोटी समाधानाने घरी येत होतो. बहुधा त्या समाधानाचीच लाज वाटली.

काकांनी मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, "सर, त्या दिवशी मेंटेनन्स होता." पुढच्या आठवड्यात काका पुन्हा मधल्या वारी गेले. आता वॉचमनला सूचना मिळालेली होती. फाटक उघडलं नाही. त्यानंतर काका घरातून फारसे बाहेर पडेनात. वैशालीचा फोन आला की इंदूकाकूंकडे द्यायचे आणि न्हाणीघरात जाऊन उभे राहायचे. दिवाळीला तिच्याकडे जायचं ठरलेलं होतं, ते काहीतरी कारण काढून टाळलं. काकू माझ्याजवळ रडल्या. "अहो, लेकीला तोंड दाखवायला लाजतात. असं कुठं असतं का?"

त्यांना पुन्हा उभं केलं ते सुनावणीने. कंपनीच्या कराराला मुदतवाढ द्यायची होती आणि नागरिकांच्या हरकती ऐकायला महापालिकेने एक दिवस ठेवला होता. काका स्वतःच माझ्याकडे आले. "बोलायचंय," म्हणाले. "कंपनीला हाकला म्हणून नाय. कोणीबी चालवू दे. पण तिला बघणारा माणूस तिच्या पंगतीला बसणारा नको."

सभागृहात गर्दी बरी होती. कंपनीने आधी पडद्यावर आपली माहिती दाखवली. आलेख झाले, बागेचे फोटो झाले, आणि मग 'नागरिकांची स्वतंत्र देखरेख' असं मोठ्या अक्षरात आलं. त्याखाली साळवेकाका. शाल, नारळ, हसरा चेहरा. मॅनेजर म्हणाला, "वेगळ्या देखरेख समितीची मागणी होते आहे, पण ज्येष्ठ नागरिक दर महिन्याला स्वतः येऊन तपासतातच. आणखी एका समितीची गरज काय?" मी शेजारी पाहिलं. काका त्या पडद्याकडे बघत होते आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते.

ते उठले. माईकवर फुंकर मारली.

"त्या फोटोतला म्हातारा मी आहे," म्हणाले. "त्याच्यावर इश्वास ठेवू नका."

लोक हसले. काकांनी छत्रीची, मंगळवारची, पाखरांची सगळी हकिगत सांगितली. मागून कोणीतरी ओरडलं, "मिसळ खाताना नाय का आठवलं, काका?" पुन्हा हशा.

"नाय आठवलं," काका म्हणाले. "तेच सांगायला आलोय. पोट भरलं की नाय आठवत. मलाबी नाय, तुम्हालाबी नाय आठवायचं." हशा हळूहळू विरला. "साहेब, मी रेल्वेत होतो. आमच्यात मोठा अपघात झाला की जो साहेब चौकशीला येतो, तो रेल्वेच्या खात्याचा नसतो. विमानाच्या खात्याखाली असतो तो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. विमानवाल्याला रुळाचं काय कळतं? नंतर समजलं. त्याची बढती आमच्या साहेबाच्या हातात नाय, म्हणून तो आमच्या साहेबाला जाब विचारू शकतो. आम्हाला असा माणूस पाहिजे. कंपनीनं नेमलेला नको, कंपनीचं खाणारा नको. न सांगता येणारा पाहिजे. पाण्याचे नमुने त्यानं घ्यायचे, बाहेर तपासायचे, आणि आकडे इथं नाय, नदीच्या खालच्या गावांत चावडीवर लावायचे. त्या गावांतली माणसं समितीत पाहिजेत. घाण त्यांच्या दारात जाते, आमच्या नाय."

सुनावणी घेणारे अधिकारी सभ्य होते. त्यांनी लिहून घेतलं. तेवढ्यात मॅनेजर उठला आणि हसून म्हणाला, "सरांची सूचना फार चांगली आहे. मी तर म्हणतो, सरांनाच या समितीचं अध्यक्ष करावं." आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या! मघाशी हसणाऱ्यांनीच वाजवल्या.

काकांनी हात जोडले. "मला नका घेऊ," म्हणाले. "ज्याला एका मिसळीत गप्प बसवता आलं, तो माणूस या कामाचा नाय."

ते खाली येऊन बसले. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी नको म्हटलं.

करार वाढवून मिळाला. स्वतंत्र समितीचा विषय विचाराधीन आहे, असं उत्तर आलं, आणि मी हे लिहीत असताना तो अजून विचाराधीनच आहे. रविवारच्या भेटीही बंद पडल्या नाहीत. फक्त आता दुसऱ्या कॉलनीतली माणसं जातात. त्यांचे फोटो मी पाहिले. चांगली माणसं आहेत, आमच्यासारखीच.

सुनावणीची बातमी पेपरात कोपऱ्यात आली होती, ती वैशालीच्या वाचनात आली. तिने आईला फोन करून सांगितलं, बाबांना घेऊन ये. काका तयार होईनात. शेवटी मीच गाडी काढली आणि दोघांना बसवलं. काका नेहमीसारखे मागे बघत बसले नाहीत. हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. द्राक्षांच्या बागा मागे पडत होत्या. मग म्हणाले, "माझा आजा महाडला चालत गेला होता, ताई. तळ्याचं पाणी पिता यावं म्हणून. आमच्या घरात त्याचं केवढं कौतुक. डोकं फुटलं होतं त्याचं." काकू म्हणाल्या, "अहो, आता कशाला ते?" काका म्हणाले, "त्यानं पाण्यासाठी मार खाल्ला. मी मिसळ खाल्ली." मी गाडी चालवत होते याचं मला बरं वाटलं, कारण रस्त्याकडे बघावं लागतं.

गावाजवळच्या पुलावर मी गाडी हळू केली. नदी दिसत नव्हती. या काठापासून त्या काठापर्यंत हिरव्यागार पाणवेली, नवख्याला कुरण वाटावं अशा. काच बंद होती तरी वास आत आला. आणि हे आमच्या इंदिरानगरचं, आमच्या टाइल्स लावलेल्या स्वच्छ न्हाणीघरांचं, या विचाराने मला त्या गावात उतरायचंच धाडस होईना.

वैशाली अंगणात उभी होती. आईला मिठी मारली, वडिलांच्या पाया पडली. तिच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी सोललेली होती. काकांनी ते पाहिलं. तिने हात पदराखाली घेतले. तक्रारीचं अक्षरही तिने काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

ओसरीवर सतरंजी घातलेली होती. काका उंबऱ्याशीच उभे राहिले. तोवर वैशालीच्या सासूबाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या. पाहुण्याला आधी पाणी. कोपऱ्यात विकतच्या पाण्याचा मोठा जार होता, त्यातलं होतं. शेजारी माठ होता, त्यावर झाकणी. घरातला एक लहानगा आला आणि माठातलं पाणी पिऊन पुन्हा खेळायला पळाला.

काका म्हणाले, "विहीणबाई, आम्हाला बी तेच द्या. माठातलं. तुम्ही पिता ते."

"नको, पाव्हणं," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा अजिबात नव्हता, खरी काळजी होती. "आमच्या पोटाला ते सवयीचं झालंय आता. तुम्हाला नाय सोसायचं. आजारी पडाल घरी जाऊन."

काकांनी पेला हातात घेतला, पण ओठांना लावला नाही. विहीणबाईंना वाटलं पाहुण्याला विकतच्या पाण्याची शंका येतेय. त्या घाईने म्हणाल्या, "घ्या की, चांगलं हाय. पाव्हण्यारावळ्यासाठीच घेऊन ठिवतो. गाडी येती त्याची, तुमच्या नाशकावरनंच. एकदम शुद्ध असतंय."

वैशालीने मान फिरवली. इंदूकाकूंनी पदर तोंडाशी नेला.

साळवेकाकांचं माझ्या मनातलं शेवटचं चित्र हेच. त्यानंतर ते अंथरुणाला खिळले आणि पावसाळ्यात गेले; पण ते आजारी डोळे, ती खाट मला आठवत नाही. आठवतं ते हे, की त्यांनी तो पेला दोन्ही हातांत धरला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. रिकामा पेला परत देताना त्यांची मान वर आली नाही.

"बसा की, पाव्हणं," विहीणबाई सतरंजी झटकत म्हणाल्या.

ते बसले नाहीत.